संडासाचं भांडं सरकवायचं आहे

प्रश्न : घर आर्वी तालुक्यात. मायचे गुडघे गेले. न्हाणीघर नव्यानं करताना देशी भांडं काढून, चार फूट अलीकडे दाराजवळ कमोड बसवावा म्हणतो. जमेल?

उत्तर : जमेल भाऊ, पण उतार आधी मोजा. चार इंची पाइपला दर 40 इंचांमागे एक इंच, म्हणजे चार फुटांना सव्वा इंच. तेवढी खोली नसेल तर कमोडची जागा उचलावी लागते, अन् मायला पायरी नकोच! आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाइपखाली मुरूम दाबून भरा. आमच्याकडे ते राहिलं; सासरे अंथरुणाला असताना ऐन पोळ्याला पाइप खचला, नवी फरशी फोडली. फरशीआधी बादलीभर पाणी सोडून पाहा. आणि उठायला भिंतीत दांडी, मायचा हात पोचेल तिथंच.