पाच जणांची टीम आहे, लारावेलमधलं चालू बिलिंग सॉफ्टवेअर रिअ‍ॅक्टमध्ये नेऊ का?

नका नेऊ. तुम्हीच लिहिलंय की सॉफ्टवेअर नीट चालतंय, ग्राहकांची तक्रार नाही, फक्त टीममधले दोघं म्हणतात जुनाट दिसतं. जुनाट दिसतं तर सीएसएस, म्हणजे रंगरूपाचा कोड, बदला ना. लारावेल पान सर्व्हरवर तयार करून पाठवतं, रिअ‍ॅक्ट ते ब्राउझरमध्ये तयार करतं. नुसत्या दिसण्यासाठी आख्खा फ्रंटएंड, म्हणजे समोर दिसणारा भाग, ब्राउझरमध्ये कशाला हलवायचा?

एवढ्या तावातावाने सांगतोय कारण हे सगळं आमच्याकडे होऊन गेलंय. मी आणि कॉलेजचा एक दोस्त, नाशकात सातपूरला छोटं ऑफिस टाकून पार्टनरशिपमध्ये काम करायचो. पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्याचं हिशोबपट्टीचं काम आमच्याकडे होतं. काम म्हणजे काय, भरलेल्या ट्रॅक्टरचं वजन, रिकाम्याचं वजन, वजाबाकी, लिलावातला भाव, हमाली-तोलाई कापायची आणि निव्वळ रकमेची पट्टी छापायची. एक फॉर्म, एक यादी, एक प्रिंट. लारावेल, ब्लेड (लारावेलमध्ये सर्व्हरवर पान बनवायची सोय) आणि ब्राउझरमधल्या किरकोळ कामाला थोडं जेक्वेरी, मस्त चालू होतं. पार्टनरच्या डोक्यात रिअ‍ॅक्ट घुसलं. मी विरोध केला तर म्हणे "उद्या इंटरव्ह्यूला काय सांगशील, ब्लेड?" अरे आपण इंटरव्ह्यूसाठी धंदा करतोय का!

तर झालं रिअ‍ॅक्टमध्ये. सर्व्हर लक्षात ठेवतो ते सेशनवरचं लॉगिन जाऊन ब्राउझरने दर वेळी दाखवायचं टोकन आलं, प्रत्येक गोष्टीला एपीआय, म्हणजे ब्राउझरने सर्व्हरकडून माहिती मागायची वाट, आला, व्हॅलिडेशन (भरलेली माहिती बरोबर आहे का ते तपासणं) दोनदा लिहायचं, एकदा ब्राउझरमध्ये एकदा सर्व्हरवर, आणि हमालीचा हिशोब पण दोन्हीकडे, कारण आकडा टाइप करता करता खाली निव्वळ रक्कम दिसली पाहिजे हा पार्टनरचा हट्ट. मग हमालीचा दर बदलला, आम्ही दोन्हीकडे बदलून रात्री अपडेट चढवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा फोन. मुनीम स्क्रीनवर एक रक्कम वाचून दाखवतोय आणि छापील पट्टीवर दुसरी येतेय, फरक थोड्याच रुपयांचा, पण समोर शेतकरी मोबाइलवर स्वतः गुणाकार करत उभा, मागे लाइन, आणि तो सरळ म्हणाला "कापताय का आम्हाला?" कांद्याच्या व्यापाऱ्याला हे वाक्य चारचौघात ऐकावं लागणं काय असतं ते नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. कारण काय निघालं, तर मुनीम कॉम्प्युटर कधी बंदच करत नाही, टॅब उघडाच. रिअ‍ॅक्टमधलं आमचं काम सिंगल पेज अ‍ॅप होतं, त्यात पान पुन्हा लोड होतच नाही, त्यामुळे ब्राउझरमध्ये जुना कोड जुन्या दराने हिशोब करत होता आणि सर्व्हर नव्या दराने छापत होता. एफ५ दाबलं, मिटलं. पण शेठने दिवसभर सगळ्या पट्ट्या हाताने लिहिल्या.

पार्टनर नंतर पुण्याला हिंजवडीत लागला, रिअ‍ॅक्टवरच. ती पट्टी मात्र मी सांभाळतो. "रिअ‍ॅक्टवाली पोरं सहज मिळतात" हे तुमचे ते दोघं पण म्हणत असतील. मिळतात, आणि वर्षभरात पुण्याला जातात.

अजून एक. 2010 ला आलेलं अँग्युलरजेएस, रिअ‍ॅक्टसारखंच ब्राउझरमधलं फ्रेमवर्क, घेऊन बसलेल्यांचं काय झालं बघा, 2016 ला अँग्युलर 2 आलं ते जवळपास वेगळंच फ्रेमवर्क, आणि जुन्याचा सपोर्ट 2021 संपताना बंद. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप या टूलने आख्ख्या पिढीने रिअ‍ॅक्टचे प्रोजेक्ट सुरू केले, फेब्रुवारी 2025 मध्ये रिअ‍ॅक्टवाल्यांनी स्वतःच ते डेप्रिकेट केलं, म्हणजे नव्या कामाला वापरू नका म्हणाले. खरं सांगायचं तर रिअ‍ॅक्ट स्वतः जुना कोड सहसा मोडत नाही, जुन्या पद्धतीने लिहिलेले क्लास कंपोनंट अजून चालतात. आजूबाजूचं सामान मात्र सारखं बदलतं आणि ते बदलत बसायला पाच जणांच्या टीममध्ये माणूस कुठून आणणार?

पान न हलता यादी फिल्टर व्हायला हवी, एवढंच असेल तर लाइव्हवायर किंवा एचटीएमएक्स लावा, ही टूल्स पानाचा बदललेला तुकडा सर्व्हरवरूनच आणतात, त्यामुळे हिशोब सर्व्हरवर एकाच जागी राहतो.

आता उलटं पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस रिअ‍ॅक्टचा दुश्मन आहे. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष निर्यातदारासाठी आम्ही बागेतल्या नोंदींचं अ‍ॅप केलं ते व्ह्यू (Vue) या रिअ‍ॅक्टसारख्याच फ्रेमवर्कमध्ये आहे. बागेत रेंज नसते, औषध फवारणीची नोंद फोनमध्येच साठवून नंतर सिंक करायची, तिथे ब्लेड काय कामाचं. तुमच्या बिलिंगमध्ये असं काही असेल तर तेवढा भाग खुशाल फ्रेमवर्कमध्ये करा. तुमच्या प्रश्नात तरी मला तसं काही दिसलं नाही.

पार्टनर अजूनही भेटला की म्हणतो, दोष रिअ‍ॅक्टचा नव्हता, नवीन व्हर्जन आल्यावर टॅब रिफ्रेश करायचा चेक टाकायला हवा होता. बरोबर आहे. पण रक्कम काढायचं काम एकट्या सर्व्हरकडे असतं तर तो चेक लागलाच नसता, हे त्याला आजपर्यंत मान्य नाही.