नववीची खासगी शाळा आणि २०३० चा सप्टेंबर

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची येथेच जन्मलेली मुलगी आठवीत असून घरापासून चौदा मैलांवरच्या एका स्वतंत्र ‘कॉलेज प्रेपरेटरी’ डे स्कूलमध्ये तिला नववीसाठी प्रवेश मिळाला आहे. वार्षिक फी ४८,००० डॉलर आहे आणि करारावर सही करून तो परत पाठवण्यास दहा दिवस उरले आहेत. धाकटा मुलगा चौथीत आहे. पती-पत्नींचे मिळून उत्पन्न २,६५,००० डॉलर आहे. दोघेही ४०१-के या निवृत्ती-बचत खात्यात पूर्ण मर्यादेइतकी रक्कम भरतात आणि कर, घराचा हप्ता, भारतवारी असे सर्व वजा जाता वर्षाला सुमारे ३४,००० डॉलर शिल्लक राहतात. मुलीच्या नावच्या ५२९ खात्यात (शिक्षणखर्चासाठीचे करसवलतीचे बचत खाते) १,१२,००० आणि अडीअडचणीसाठी बँकेत ४५,००० डॉलर आहेत. पती एच-१बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर आहेत, त्यांचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी मालकाने करायचा अर्ज) मंजूर आहे, आणि स्वतः बाई एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावरील ईएडीवर (काम करण्याच्या परवान्यावर) नोकरी करतात. फीपैकी २०,००० डॉलर दरवर्षी ५२९ खात्यातून काढावेत, म्हणजे सगळे बसते, असा पतींचा हिशेब आहे. बाईंच्या मनाला मात्र तो पटत नाही.

आपल्या यजमानांचा हिशेब चुकीचा नाही, हे मी आधीच सांगतो. ५२९ खात्यातील पैसा बारावीपर्यंतच्या शाळेच्या फीसाठी वापरण्याची मुभा २०१८ पासून आहे. तेव्हा वर्षाला १०,००० डॉलरची मर्यादा होती आणि जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ती २०२६ पासून २०,००० झाली. (कॅलिफोर्नियातील वाचकांनी मात्र सावध राहावे, ते राज्य आपल्या करापुरती ही मुभा मानत नाही.) फी ४८,००० आणि वरखर्च ५,००० धरला, तर ५३,००० पैकी २०,००० खात्यातून आणि ३३,००० आपल्या शिलकीतून जातील. वर्षाअखेर हातात १,००० डॉलर राहतील. कागदावर हे खरोखरच बसते. अडचण एवढीच की हा कागद एकाच मुलाचा आहे आणि तो जून २०३० मध्ये संपतो.

सप्टेंबर २०३० मध्ये मुलगी कॉलेजात जाईल आणि त्याच महिन्यात मुलगा नववीत जाईल. बहिणीला जे दिले ते भावाला नाकारणे आपल्या घरात शक्य होईल का, याचे उत्तर आपणच द्यावे. माझ्या अनुभवात बहुतेक घरांत ते होत नाही, आणि नाकारले तर तो विषय पुढे वीस वर्षे जेवणाच्या टेबलावर राहतो. वर्षाला ४ टक्के वाढ धरली तर त्या वेळी शाळेची फी ५६,००० च्या घरात असेल. रटगर्स या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात राज्यातील विद्यार्थ्याला राहण्या-जेवणासह आज वर्षाला ४०,००० डॉलरच्या आसपास खर्च येतो. तो ४७,००० च्या जवळ जाईल. म्हणजे एका वर्षात १,०३,००० डॉलर, आणि असे ओळीने चार वर्षे. आपली शिलक पगारवाढीबरोबर वाढून ४०,००० झाली असे मानले तरी दरवर्षी ६०,००० हून अधिक कमी पडतील. मुलीने रटगर्सऐवजी एखादे खासगी कॉलेज निवडले, तर त्यांचा सर्व मिळून खर्च आजच अनेक ठिकाणी ९०,००० च्या वर गेलेला आहे, हे जमेस धरावे.

आता ५२९ खात्याकडे पाहा. हात न लावता आणि नवी भर न घालता ते वर्षाला ५ टक्क्यांनी वाढले, तर २०३० मध्ये सुमारे १,३६,००० डॉलर होतील. रटगर्सच्या चार वर्षांच्या अंदाजे दोन लाखांपैकी दोन तृतीयांश भाग त्यातून निघेल. दर सप्टेंबरात २०,००० काढत गेल्यास त्याच दराने ४६,००० उरतील, म्हणजे पहिल्या वर्षाचाही खर्च पुरता भागणार नाही. ५२९ खात्याचा खरा लाभ करमुक्त वाढीत आहे, आणि वाढीला वेळ लागतो. जी रक्कम चार ते आठ वर्षे वाढणार होती ती आज काढली की सवलत कागदावर राहते आणि लाभ निघून जातो. न्यू जर्सी राज्य एनजेबेस्ट या राज्याच्या ५२९ योजनेतील भरण्यावर जी वजावट देते तीही २,००,००० डॉलरपर्यंतच्या उत्पन्नालाच मिळते, त्यामुळे तो आधारही आपल्याला नाही.

फी करपश्चात पैशातून जाते, याचा अर्थही एकदा आकड्यांत पाहावा. आपल्या कमाईच्या वरच्या टप्प्यावर केंद्राचा २२ टक्के, राज्याचा ६.३७ टक्के आणि सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचा ७.६५ टक्के कर लागतो. म्हणजे ४८,००० डॉलर फी देण्यासाठी सुमारे ७५,००० डॉलर पगार मिळवावा लागतो. शिवाय आपण सार्वजनिक शाळेचे पैसे आधीच भरत आहात. या राज्यात मालमत्ता कराचा साधारण अर्धा भाग शाळांकडे जातो, आणि मुलगी खासगी शाळेत गेली म्हणून त्यातला एक डॉलरही परत मिळत नाही.

हे पैसे देऊन काय मिळते, हा प्रश्न मात्र मी हलका मानत नाही. या प्रदेशात अशा शाळांची परंपरा जुनी आहे: रटगर्स प्रेप १७६६ ची, न्यूअर्क अकॅडमी १७७४ ची, पिंग्री १८६१ ची. ज्या शाळेत प्रवेश मिळाला तिची माहिती-पुस्तिका आपण सोबत पाठवली आहे. त्यावरून आणि माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांच्या अनुभवावरून सांगतो. एका वर्गात चौदा मुले, इंग्रजी आणि इतिहासाचा तास एका लांबट गोल टेबलाभोवती. ही पद्धत १९३० च्या सुमारास एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून फिलिप्स एक्झीटर शाळेत सुरू झाली आणि नंतर अनेक डे स्कूल्सनी उचलली. या टेबलाशी शेवटचा बाक नसतो. आपली मुलगी घरात अखंड बोलते आणि वर्गात तोंड उघडत नाही, असे आपण लिहिले आहे. अशा मुलीला रोज बोलावेच लागणे ही मोठी गोष्ट आहे आणि मी तिची किंमत शून्य धरत नाही. दहा-बारा मुलांमागे एक अॅडव्हायझर शिक्षक असतो, जो चार वर्षे तिला नावाने आणि सवयींनी ओळखतो. कॉलेज-समुपदेशकाकडे बारावीची चाळीस-एक मुले असतात. सार्वजनिक शाळांसाठी समुपदेशकांच्या व्यावसायिक संघटनेने सुचवलेले प्रमाणच २५० मुलांमागे एक समुपदेशक असे आहे, आणि प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तेही पाळले जात नाही.

वर्गाबाहेरचे जग हा तर या शाळांचा अर्धा अभ्यासक्रम असतो. आपल्या पुस्तिकेनुसार प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षातील तीन हंगामांपैकी किमान दोन हंगामांत खेळ घ्यावा लागतो आणि कनिष्ठ संघांतून कोणाला वगळले जात नाही. दोन हजारांहून अधिक मुलांच्या सार्वजनिक हायस्कूलमध्ये ज्या मुलीला व्हॉलीबॉलच्या चाचणीतूनच घरी पाठवले असते, ती येथे चार वर्षे संघाचा गणवेश घालते. नाटक, वादविवाद, मॉक ट्रायल, विद्यार्थ्यांचे वार्तापत्र, बारावीच्या अखेरीस स्वतंत्र प्रकल्प, हे सगळे शाळेच्या दिवसातच बसवलेले असते. नाटक आणि वादविवादाच्या बाहेरच्या वर्गांवर आपण आज खर्च करता ते सुमारे ३,५०० डॉलर वाचतील. मी वरखर्चातून ते वजा केले आहेत. जेवण, पुस्तके, खेळाचे साहित्य, सहली, पेट्रोल आणि ज्याला कोणी सक्ती म्हणत नाही पण जो सगळे देतात तो ‘अॅन्युअल फंड’ (शाळेला वार्षिक देणगी) मिळून ८,५०० होतात. त्यातून ही बचत जाता वर लिहिलेले ५,००० उरतात.

या खेळांचा एक परिणाम पुस्तिकेत नसतो. शाळा वीस मैलांच्या आत आणि ना-नफा तत्त्वावरची असल्यामुळे आपल्या शाळा-जिल्ह्याला बस द्यावी लागेल किंवा तिच्या बदल्यात वर्षाला हजार डॉलरच्या थोडी वर रक्कम द्यावी लागेल. अर्ज मात्र वेळेत करावा. परंतु ती बस साडेतीनची असते आणि सराव साडेपाचला संपतो. पुण्यात ही अडचण रिक्षाकाका सोडवत असत. येथे ती आपल्या दोघांपैकी एकाच्या नोकरीच्या वेळेवर येऊन पडेल, आणि शनिवारचे सामने धरले तर मुलाच्या पोहण्यावरही. रविवारची मराठी शाळा तेवढी वाचेल.

या सगळ्याचा कॉलेजप्रवेशावर काय परिणाम होतो? राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, सर्वाधिक श्रीमंत एक टक्का घरांतील मुलांना आयव्ही लीग या नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटात आणि त्यांच्या बरोबरीच्या कॉलेजांत मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक शक्यतेने जागा मिळते, परीक्षेतील गुण सारखे असले तरीही. त्यामागे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे प्राधान्य, खेळाडूंची भरती आणि अभ्यासेतर कामगिरीला मिळणारे वरचे गुण ही कारणे होती; या अभ्यासेतर गुणांत खासगी शाळांतील मुले पुढे होती. म्हणजे लाभ आहे. पण त्याच अभ्यासानुसार अशा कॉलेजांमुळे सरासरी उत्पन्न चांगल्या सरकारी विद्यापीठांच्या तुलनेत फारसे वाढत नाही. अतिश्रीमंत होण्याची शक्यता मात्र वाढते. केवळ पुढच्या पगाराच्या आशेने फी भरू नये, एवढा अर्थ मी त्यातून काढतो.

आपल्या मुलीच्या बाबतीत पैशाचा आणखी एक मुद्दा आहे, जो बहुतेक पालकांच्या नजरेतून सुटतो. पुस्तिकेतील अभ्यासक्रमात एपी विषय (हायस्कूलमध्ये शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) नाहीत. त्याऐवजी शाळेचे स्वतःचे प्रगत विषय आहेत. हा या शाळांतला जाणीवपूर्वक निर्णय असतो. २०१८ मध्ये वॉशिंग्टन परिसरातील आठ नामांकित खासगी शाळांनी मिळून एपी बंद करण्याचे जाहीर केले होते. शिकण्याच्या दृष्टीने त्या शाळांचे म्हणणे मला पटते. परंतु एपी परीक्षेत ४ किंवा ५ मिळाल्यास रटगर्स साधारणपणे पदवीत धरले जाणारे श्रेयांक देते आणि सार्वजनिक शाळेतील अनेक मुले त्या बळावर एक सत्र वाचवतात, म्हणजे सुमारे २०,००० डॉलर. खासगी शाळेतून सरकारी विद्यापीठात जाण्याचा बेत असेल तर ही रक्कम आपल्याला सोडावी लागेल.

माझी सर्वांत मोठी काळजी मात्र वेगळी आहे. आपली दोन उत्पन्ने दिसायला दोन आहेत. कायद्याच्या दृष्टीने ती एकाच नोकरीवर उभी आहेत. यजमानांची नोकरी गेली तर नवी मिळवण्यास साठ दिवस मिळतात, आणि त्यांचा दर्जा संपला की आपली ईएडीही निरुपयोगी होते. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या ईएडी नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढही मिळत नाही, त्यामुळे नुसत्या कार्यालयीन विलंबानेही आपला पगार काही महिने थांबू शकतो. याउलट शाळेचा करार पाहा: ३१ मेनंतर विद्यार्थी शाळेत आला किंवा न आला, वर्षाची पूर्ण फी देय. फीचा विमा शाळेमार्फत मिळतो, पण तो नोकरी जाण्याला लागू होतो की केवळ आजारपणाला, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारावे. ४५,००० डॉलरचा राखीव निधी घराचा हप्ता, खर्च आणि हे देणे असे तिन्ही पेलू शकणार नाही.

सासूबाईंनी पुण्यातील ठेवी मोडून वर्षाला पंधरा लाख रुपये देण्याची तयारी दाखवली आहे. नियमांत ते बसते. प्रत्येक व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात आणि दहा लाख रुपयांवरील रकमेवर टीसीएस (बँक आगाऊ वसूल करते तो कर) कापला जातो. तरीही ७४ व्या वर्षी त्यांच्या औषधपाण्याचा पैसा नातीच्या फीत घालू नये. चार वर्षांनी तो त्यांना परत पाठवण्याची वेळ आपल्यावरच येईल, आणि नेमक्या २०३० मध्ये.

म्हणून माझे मत असे आहे की पूर्ण फीवर हा करार करू नये. मात्र त्याआधी एक गोष्ट याच आठवड्यात करावी. उत्पन्न पाहून मिळणार नाही असे गृहीत धरून आपण आर्थिक मदतीचा अर्जच केलेला नाही. या शाळा दोन-अडीच लाख उत्पन्नाच्या घरांनाही, विशेषतः दोन मुले असतील तर, काही वेळा अंशतः मदत देतात. मुदत उलटून गेली आहे आणि बराच निधी वाटून झाला असेल, तरी प्रवेश-कार्यालयाला फोन करून स्पष्ट विचारावे आणि आपला आकडा सांगावा. तो आकडा २९,००० आहे. तेवढ्या फीत वरखर्च धरून आपल्या ३४,००० च्या शिलकीतच सगळे भागते, ५२९ खाते शाबूत राहते, आणि मुलाच्या वेळीही तशाच मदतीची मागणी करता येते. तेवढ्यावर मी आनंदाने सही करा म्हणेन. ३५,००० च्या वर नाही म्हणावे. मधल्या आकड्यांसाठी मला पुन्हा लिहावे.

नकार द्यावा लागला तर मुलीला कारण म्हणून आकडे दाखवावेत. तेरा वर्षांची मुलगी ते समजू शकते. वाचणाऱ्या पैशातून वर्षाला सात-आठ हजार डॉलर तिच्या नाटकासाठी, वादविवादाच्या उन्हाळी शिबिरासाठी आणि गरज वाटल्यास स्वतंत्र कॉलेज-समुपदेशकासाठी वेगळे ठेवावेत आणि ते खरोखर खर्च करावेत. उरलेले आधी राखीव निधीत, तो ८०,००० होईपर्यंत, आणि मग दोन्ही मुलांच्या ५२९ खात्यांत घालावेत.

अनामत रकमेविषयी आपण शेवटी विचारले आहे. करारासोबत ४,८०० डॉलर भरावे लागतात आणि ३१ मेपूर्वी माघार घेतल्यास फक्त तेवढेच जातात. शाळेने मदतीच्या फेरविचाराचे लेखी आश्वासन दिले असेल तरच ही रक्कम भरून दीड महिना विकत घ्यावा. नुसता निर्णय लांबवण्यासाठी ती भरू नये. आश्वासन नसेल तर ३१ मे रोजीही हेच आकडे समोर असतील.