दिवसभराच्या रेसकार्डातून (शर्यती आणि घोड्यांच्या छापील यादीतून) दमदार घोडा कसा ओळखायचा?

तुम्ही लिहिलंय की दिवसाला सात-सात फ्लॅट (अडथळे नसलेल्या) शर्यती असतात, बहुतेकींत आठ-दहा घोडे, कार्डावर आकड्यांची नुसती गर्दी. मग शेवटी ओळखीचा जॉकी किंवा मागच्या वेळी पहिला आलेला घोडा बघून बोट ठेवता आणि बहुतेक वेळा फसता. माझीही पहिली काही वर्षं अशीच गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

पहिली गोष्ट, सातही शर्यतींचा अभ्यास करू नका. कार्ड वरवर चाळा आणि जिथे काही कळण्यासारखं आहे अशा दोन किंवा तीनच शर्यती निवडा. दोन वर्षांचे, एकदाही न पळालेले घोडे असतील तर तुमच्या हातात आई-बापाचं नाव आणि ट्रेनरचं नाव, बस्स. तबेल्यातल्या माणसांना सकाळच्या सरावावरून जे ठाऊक आहे ते तुम्हाला नाही. अशी शर्यत बघायला छान असते, बघा आणि सोडून द्या. वीस घोड्यांची सहा फर्लांगांची (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) हँडिकॅप, म्हणजे घोड्याच्या कुवतीनुसार वजन लादलेली शर्यत, तर मी बघतानाही मत देत नाही. उरल्या पाच, त्यातल्या दोन-तीन आपोआप गळतात. लोकांना हे पटत नाही, कारण दिवसभर तिथे बसून पाच शर्यती गप्प राहणं जिवावर येतं.

आता फॉर्म, म्हणजे घोड्याची अलीकडची कामगिरी. घोड्याच्या नावाशेजारी 3, 1, 7, 2 असे आकडे असतात. बहुतेक कार्डांत उजवीकडचा आकडा सगळ्यात ताजा. नवखा माणूस 2 बघून खूश होतो आणि 7 बघून पुढे सरकतो. पण दुसरा आला तो कितीजणांत? पाच घोड्यांच्या रडतखडत झालेल्या शर्यतीत दुसरा आणि चौदा तगड्या घोड्यांत सातवा, यातला सातवा मला जास्त आवडतो. शिवाय किती अंतराने हरला तेही महत्त्वाचं. एक लेंथ म्हणजे घोड्याची एक लांबी, साधारण अडीच मीटर. भरधाव वेगात ती कापायला सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा लागतो. म्हणजे सातवा आलेला घोडा तीन लेंथ मागे असेल तर तो विजेत्यापेक्षा जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद हळू होता. एवढा फरक तर एका वळणावर बाहेरून जावं लागलं तरी पडतो.

म्हणून जुन्या शर्यतींचे व्हिडिओ बघा, आणि विजेत्याकडे बघू नका. त्याला सगळ्या जगाने पाहिलंय. चौथ्या ते आठव्या नंबरावर नजर ठेवा. शेवटच्या दोन फर्लांगांत एखादा जॉकी हात न हलवता बसलेला दिसतो, घोड्यात दम शिल्लक आहे, पण समोर दोन घोड्यांची भिंत. तो लगाम खेचतो, घोड्याचं डोकं वर जातं, वाट मिळेपर्यंत शर्यत संपल्याची खूण मागे पडलेली असते. निकालात त्याच्यापुढे 6 लिहिलं जातं आणि पुढच्या वेळी भाव, म्हणजे लावलेल्या पैशावर जिंकल्यास मिळणारा मोबदला, चढा मिळतो. असे घोडे मी वहीत तारखेसकट टिपून ठेवतो. एका महिन्यात तीन-चारच सापडतात, पण तेच खरे.

वजनाचा हिशेब लोक उगाच अवघड समजतात. हँडिकॅपमध्ये चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून सगळ्यांना एका रेषेत आणायचा प्रयत्न असतो. ढोबळ नियम असा, की मैलाच्या शर्यतीत सुमारे एक किलो म्हणजे एक लेंथ. पाच फर्लांगांत एका लेंथला सव्वा-दीड किलो लागतं, आणि अंतर मैलापेक्षा वाढलं की किलोभरापेक्षा कमी वजनही एका लेंथला पुरतं. समजा, मागच्या महिन्यात मैलाला ‘अ’ने ‘ब’ला दोन लेंथने हरवलं, दोघांवर वजन सारखंच होतं. आज पुन्हा मैल, पण ‘अ’वर तीन किलो जास्त. कागदावर आता ‘ब’ एका लेंथने पुढे यायला हवा. हिशेब एवढाच. पण ‘अ’ त्या दिवशी आरामात जिंकला होता की चाबूक खाऊन, हे कागद सांगत नाही. त्यासाठी पुन्हा व्हिडिओच. तीन वर्षांचा घोडा मोठ्यांबरोबर पळतो तेव्हा त्याला वयामुळे वजनात सूट मिळते, ती एका ठरलेल्या तक्त्यानुसार. या तक्त्याची कल्पना 19व्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडच्या ॲडमिरल हेन्री रौस यांनी रुजवली. हंगाम पुढे सरकतो तशी सूट कमी होते, आणि काही तीन वर्षांचे घोडे सूट कमी होण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने भरतात. अशांच्या शोधात राहावं. तुमच्या आवडत्या जॉकीबद्दलही इथेच सांगतो: मोठं नाव असलं की भाव आधीच पडलेला असतो. त्यापेक्षा वजनाची सूट मिळणारा हुशार शिकाऊ जॉकी बघा.

जमिनीचं फार लांबवत नाही. कडक, चांगली, मऊ, चिखलाची, यांतल्या कशावर घोडा आधी जिंकलाय तेवढं बघा, आणि सकाळचा अहवाल दुपारच्या पावसाने बदलतो हे लक्षात असू द्या. ड्रॉ, म्हणजे सुटताना कितव्या खिडकीतून निघणार, हेही काही मैदानांवर निर्णायक. इंग्लंडमधलं चेस्टरचं मैदान जेमतेम मैलभर परिघाचं, सतत डावीकडे वळणारं. तिथे पाच फर्लांगांना आतली खिडकी मिळालेला चपळ घोडा अर्धी लढाई सुटतानाच मारतो. लांब सरळ मैदानावर हाच नियम लावाल तर तोंडघशी पडाल.

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पडतो तो पेसने, म्हणजे शर्यत कोणत्या वेगाने पळली जाते त्याने, आणि कार्ड वाचणारे दहातले नऊ जण नेमकं हेच सोडतात. शर्यत पहिल्या दोन फर्लांगांत कशी घडेल? पुढे कोण जाणार? त्याला कोणी छेडणार का?

मी वहीत प्रत्येक घोड्यापुढे एक अक्षर लिहितो. पुढे पळणाऱ्याला ‘पु’, मध्ये राहणाऱ्याला ‘म’, शेवटी येऊन झेपावणाऱ्याला ‘शे’. मागच्या तीन-चार शर्यती बघितल्या की कळतं. मग अक्षरं मोजतो. दहा घोड्यांत एकच ‘पु’ असेल तर माझे कान टवकारतात. तो आरामात पुढे जाईल, आपल्या मनासारखा वेग धरेल, बाकीचे एकमेकांकडे बघत राहतील आणि शेवटच्या वळणानंतर उशीर झालेला असेल. चार ‘पु’ असतील तर उलट. ते एकमेकांना जाळतील आणि मागून कोणीतरी ‘शे’ येऊन लोणी खाईल.

हे मी एकदा चांगलंच महागात शिकलो. एक घोडा होता, सलग दोन शर्यती पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढे राहून जिंकलेला. वजन ठीक, जमीन आवडती, ट्रेनर फॉर्मात. मी डोळे झाकून त्याच्यावर गेलो. शर्यत सुटली आणि तीन फर्लांग होईस्तोवर त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक घोडा, तिघंही मान लांब करून. शेवटचा सरळ पट्टा लागल्यावर तिघंही एकाच वेळी विझले, जशा तीन वाती एका फुंकरीत. घरी येऊन कार्ड उघडलं तर दुसरे दोन ‘पु’ तिथेच छापलेले होते, माझ्या नाकासमोर. मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं, कारण मी माझ्या घोड्याचा अभ्यास केला होता, शर्यतीचा नाही.

मोठ्या शर्यतीही याला अपवाद नाहीत. इंग्लंडमधली 4 जुलै 2020 ची एप्सम डर्बी बघा. सर्पेंटाइन हा घोडा आठवडाभर आधी आपली पहिली शर्यत जिंकून आलेला, भाव 25ला 1, म्हणजे एक रुपया लावला तर पंचवीस नफा. तो पुढे निघाला, त्याला कोणी छेडलं नाही, नामांकित जॉकी मागे एकमेकांवर डोळा ठेवून बसले, आणि तो साडेपाच लेंथने जिंकला. दुसरा आणि तिसरा आले तेही 50 आणि 66च्या भावाचे. याच्या बरोबर उलट अमेरिकेतली 2022 ची केंटकी डर्बी. तिथे पहिल्या पाव मैलाला 21.78 सेकंद लागली, वेड्यासारखा वेग. पुढचे सगळे भाजून निघाले आणि रिच स्ट्राइक, जो आदल्या दिवशी दुसरा एक घोडा गळाल्यामुळे कसाबसा शर्यतीत शिरला होता, तो अगदी मागच्या घोळक्यातून कठड्याच्या कडेने येऊन 80ला 1 च्या भावाने जिंकला. दोन्ही घोडे त्या दिवशी त्या मैदानावरचे सर्वोत्तम होते असं मला वाटत नाही. शर्यतीने त्यांना जागा करून दिली.

पेस किती महत्त्वाचा असतो ते घोड्यांच्या मालकांना पक्कं ठाऊक असतं. फ्रँकेल, जो 14 पैकी 14 शर्यती जिंकला, त्याच्यासारख्या घोड्याबरोबरही 2012 मध्ये बुलेट ट्रेन नावाचा त्याच्याच मालकाचा घोडा मुद्दाम उतरवला जायचा, का तर पुढे राहून वेग खरा ठेवायला. कार्डावर एकाच मालकाचे दोन घोडे दिसले, आणि त्यातला एक साधारणच असला, तर तो बिचारा कोणासाठी आलाय ते ओळखायला शिका.

आता भाव. मी भाव शेवटी बघतो, आणि त्याआधी माझ्या वहीत प्रत्येक घोड्याची संधी टक्क्यांत लिहून ठेवतो. आधी भाव पाहिला की मन त्याच्याकडेच झुकतं, मग कारणं शोधली जातात. 4ला 1 म्हणजे वीस टक्के, 9ला 1 म्हणजे दहा, 2ला 1 म्हणजे तेहतीस. बुकीच्या सगळ्या भावांची अशी बेरीज केलीत तर शंभराच्या वर जाते. वरचं ते त्याचं पोट. माझ्या मते पंचवीस टक्के संधी असलेला घोडा 6ला 1 मिळत असेल तर तो आजचा माझा घोडा, मग तो फेव्हरिट (सगळ्यात कमी भावाचा घोडा) असो वा नसो. आणि ज्याला मी चाळीस टक्के देतो तो सम भावात (1ला 1, म्हणजे पन्नास टक्के) असेल तर जिंकेलही, पण माझा नाही. फेव्हरिट साधारण तीनात एकदा जिंकतो, हे ऐकून लोक लांबच्या भावांकडे धावतात. तिथे आणखी वाईट सौदा असतो. रिचर्ड ग्रिफिथ यांनी 1949 मध्येच अमेरिकेतल्या शर्यतींच्या आकड्यांवरून दाखवलं होतं की लोक लांबच्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात. वरची रिच स्ट्राइकची गोष्ट वाचून 80चा घोडा शोधायला निघू नका, तशा हजार शर्यतींत काय झालं ते कोणी लिहून ठेवत नाही.

पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागी, जाता येत असेल तर जा, पण आधी ठरवलेलं मत तिथे उलटवू नका, फक्त तपासा. मला काय दिसतं ते सांगतो. मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा पांढरा फेस आला असेल, घोडा आडवा चालत असेल, सांभाळणाऱ्याला ओढत असेल, तर त्याची निम्मी ताकद सुटण्याआधीच गेली. उन्हात मानेवर आलेला थोडा घाम चालतो. कान पुढे, चाल लांब, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्या पलीकडे पडतोय, असा घोडा बघायला आवडतो. आणि काही घोडे नेहमीच घामाघूम होऊन जिंकतात, म्हणून त्याच घोड्याला आधी पाहिलेलं असेल तरच या खुणांना अर्थ.

तुम्ही ब्लिंकर्सबद्दलही विचारलंय. पहिल्यांदाच लावले असतील तर एकच प्रश्न विचारा: याने तो पुढे पळेल का? डोळ्यांच्या कडेला पडदे आले की काही घोडे सुटल्यासुटल्या उधळतात आणि माझ्या वहीतला ‘म’ त्या दिवशी ‘पु’ होतो.

आणि मैदानावर जाण्यापूर्वी गळालेल्या घोड्यांची यादी नक्की बघा. दहातला नववा घोडा गळाला म्हणून सहसा काही बिघडत नाही, पण तो एकमेव ‘पु’ असेल तर वहीतली सगळी अक्षरं खोडून पुन्हा बसावं लागतं.