टायर आतून खातोय, कॅम्बर आर्म घेऊ का?

प्रश्न : माझी 2008 ची होंडा सिविक आहे. गेल्या वर्षी 35 मिलिमीटरने गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग टाकल्या. आता मागचे दोन्ही टायर आतल्या बाजूने गुळगुळीत झालेत, डावा जास्त. टायरवाल्याने पुढचं अलाइनमेंट करून दिलं, मागचं 'या गाडीत होत नाही' म्हणाला. मी मागचे अ‍ॅडजस्टेबल कॅम्बर आर्म (चाक धरून ठेवणारे, लांबी बदलता येणारे दांडे), पुढचे कॅम्बर बोल्ट आणि लांब पिनचे बॉल जॉइंट (पुढच्या खालच्या आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) असा सगळा सेट बघून ठेवलाय. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले एक ओळखीचे लेथवाले म्हणतात, तसेच आर्म निम्म्या पैशात करून देतो. काका, काय घेऊ? दुसऱ्या गॅरेजात काढलेली चारही चाकांच्या अलाइनमेंटची प्रिंट सोबत जोडली आहे.
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : प्रिंट जोडलीत हे फार चांगलं केलंत. तिच्याशिवाय पार्ट निवडायचा म्हणजे नुसता अंदाज. वाचकांसाठी तिच्यातले आकडे देतो. कॅम्बर म्हणजे समोरून पाहता चाक वरून किती झुकलंय, आत झुकलं की उणे. टो म्हणजे वरून पाहता चाकाचं पुढचं टोक किती आत किंवा बाहेर वळलंय. आणि साठ मिनिटांचा एक अंश. पुढे दोन्ही चाकांचा कॅम्बर उणे सव्वा अंशाच्या आसपास, टो शून्य. मागे डावा कॅम्बर उणे 2 अंश 50 मिनिटं, उजवा उणे 2 अंश 10 मिनिटं. मागचा टो मात्र दोन्ही चाकांचा बाहेर गेलेला, प्रत्येकी साधारण 24 मिनिटं.

तुमचं सगळं लक्ष कॅम्बरकडे आहे, कारण चाक वरून आत झुकलेलं डोळ्यांना दिसतं. टो दिसत नाही, आणि टायर तोच खातो. हिशोब करून बघा. 24 मिनिटं म्हणजे 0.4 अंश. चाक जायच्या दिशेपेक्षा एवढं तिरपं फिरत असेल, तर प्रत्येक किलोमीटरला ते सात मीटर आडवं घासत जातं. जयसिंगपूरहून पुण्याला जाऊन येईपर्यंत ही फरफट तीन किलोमीटरच्या घरात जाते. त्यात कॅम्बरमुळे वजन टायरच्या आतल्या कडेवर, आणि टो बाहेर असल्याने घासही त्याच कडेला. दोन्ही एकाच जागी आले की टायर टिकणार कसा? टो जागेवर असेल तर दोन अंशांचा कॅम्बर रोजच्या गाडीला बऱ्यापैकी चालतो, हे माझ्या अलाइनमेंटच्या रॅम्पवर येणाऱ्या खाली बसवलेल्या गाड्यांत मी सतत बघतो.

आणि 'मागचं होत नाही' हे खरं नाही. तुमच्या सिविकला मागे स्वतंत्र आर्म आहेत आणि टो फिरवायला खालच्या आर्मवर कंपनीनेच विकेंद्री बोल्ट (फिरवला की आर्म सरकवणारा) दिलाय. कंपनीने मागे सोय दिलेली नाही ती कॅम्बरची. पण इतक्या वर्षांच्या गाडीत टोचा तो बोल्ट बुशच्या, म्हणजे सांध्यातल्या रबराच्या, नळीत गंजून धरलेला असतो. जोर लावला की तुटतो, म्हणून घाईतला माणूस हात लावत नाही. आदल्या रात्री रस्ट स्प्रे मारून ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा आणि मग पाना लावा. तरीही फिरला नाही तर बोल्ट कापून नवा बोल्ट आणि नवा बुश टाकावा लागेल. तुमच्या यादीत नसलेला हा खर्च माझ्या मते पहिला करायचा आहे.

दुसरी गोष्ट, डाव्या-उजव्या कॅम्बरमधला 40 मिनिटांचा फरक. गाडी खाली बसवल्याने दोन्ही चाकं सारखीच झुकतात. फरक पडतो तो झिजलेल्या बुशमुळे, वाकलेल्या आर्ममुळे, नाहीतर डाव्या बाजूची स्प्रिंग नीट बसली नसेल तर. डावं चाक रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यांत जास्त जातं, त्यामुळे माझा पहिला संशय तिथल्या बुशवर. गाडी उचलून प्रत्येक बुशाजवळ पहार घालून हलवून बघायला सांगा, रबर फाटलेलं असेल तर लगेच कळतं. वाकलेल्या भागावर अ‍ॅडजस्टेबल आर्म चढवलात तर प्रिंटवर आकडा हिरवा येईल आणि बिघाड आत तसाच राहील.

हे झाल्यावर पुन्हा माप घ्या. डावं चाक उजव्याच्या जवळ आलं तरी कॅम्बर दोन अंशांच्या पुढेच राहत असेल, तर मागचे वरचे आर्म जोडीने घ्या. उणे दीड अंशाला आणा, त्याहून कमी करायची गरज नाही. या मॉडेलची ही नाजूक बाजू जुनी आहे. अमेरिकेत 2006 आणि 2007 च्या सिविकचे मागचे टायर खाली न बसवताही लवकर झिजत होते, आणि होंडाने तिथे मागचे वरचे आर्म बदलून देण्याची सूचना काढली होती.

आर्म निवडताना रंग आणि नाव नंतर बघा, आधी टोकाला काय आहे ते बघा. हार्डरेससारखी तैवानची कंपनी एकच आर्म दोन प्रकारांत देते, कडक रबराचा बुश किंवा पिलो बॉल, म्हणजे उघडा गोल सांधा. ट्रॅकवर पिलो बॉल उत्तम, कारण त्यात लवचीकपणा नाही. पण आपल्याकडे उन्हाळ्याची धूळ आणि पावसाळ्याचा चिखल त्यात शिरतो, सांधा ढिला होतो आणि मागून खडखड सुरू होते. पॉलियुरेथेनचा (कडक प्लास्टिकसारखा) बुश टिकाऊ आहे, पण त्याला वेळेवर ग्रीस लागतं. तुम्ही रबर घ्या. लांबी कमी-जास्त करायच्या आट्याचा पुरेसा भाग आत बसलेला राहतो का ते पाहा, निदान आट्याच्या व्यासाइतका तरी हवा, आणि आटे सैल होऊ न देणारा चेकनट हवाच.

परदेशातून मागवणार असाल तर एक सापळा आहे. युरोपात त्याच वर्षांत विकली गेलेली सिविक हॅचबॅक वेगळी गाडी आहे, तिच्या मागे स्वतंत्र आर्म नाहीत, टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी एकच तुळई आहे. नुसतं 'सिविक 2008' लिहून मागवू नका, सेडानचा मॉडेल कोड तपासा.

आता लेथवाल्यांचं. उद्यमनगरातल्या कारागिरांच्या हातावर माझा विश्वास आहे, पंपापासून ऑइल इंजिनपर्यंत काय काय इथे घडलंय ते मी जवळून पाहिलंय. तरीही आर्म त्यांच्याकडून करून घेऊ नका. या तुकड्यावर प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक ब्रेकला उलटसुलट ताण येतो. वेल्डिंगच्या शेजारचा धातू अशा ताणाने हळूहळू थकतो, बाहेरून काही दिसत नाही आणि एक दिवस तडा जातो. मागचा आर्म वेगात तुटला तर गाडी हातात राहत नाही. त्यांच्याकडून जॅकचे ठोकळे करून घ्या, स्प्रिंग काढायचा क्लॅम्प करून घ्या. चाक धरून ठेवणारा पार्ट मात्र चाचणी झालेलाच हवा.

फिटिंगच्या वेळी एक गोष्ट स्वतः उभं राहून करून घ्या. रबरी बुशचे बोल्ट चाकं हवेत लोंबकळत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. तसे आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पीळ घेऊन बसतं आणि काही महिन्यांत फाटतं. गाडीचं वजन चाकांवर आलं की मगच टॉर्क रेंचने आवळायचे. मग आधी कॅम्बर, शेवटी टो, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. मागचा टो एकूण एक ते दोन मिलिमीटर आत ठेवा, हायवेला गाडी सरळ धावेल.

पुढचे कॅम्बर बोल्ट घेऊ नका. सव्वा अंश अगदी ठीक आहे, आणि ते बोल्ट मूळ बोल्टपेक्षा बारीक असल्याने खड्ड्यात सरकायची शक्यता उगाच वाढते. लांब पिनच्या बॉल जॉइंटसाठी गाडी सपाट जागी उभी करून पुढचा खालचा आर्म बघा. त्याचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं असेल तर त्या पार्टाला अर्थ आहे. 35 मिलिमीटरला सहसा तसं होत नाही.

मूळ स्प्रिंग आणि आर्म जपून ठेवा, री-पासिंगच्या वेळी लागू शकतात. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा.

प्रश्न : पोलोला 30 मिलिमीटर कमी उंचीच्या स्प्रिंग टाकल्यात. दुकानदार मागचा कॅम्बर किट घ्या म्हणतोय. लागेल का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : नाही, ताई. पोलोच्या मागे टॉर्शन बीम आहे. दोन्ही चाकं एकाच तुळईवर बसलेली असल्याने गाडी खाली आली तरी मागचे कोन जवळपास तेच राहतात. प्रिंटवर तिथे काही वेडंवाकडं दिसलं तर चाक ज्यावर फिरतं तो स्टब अ‍ॅक्सल किंवा बीम वाकलाय का ते शोधा. सगळं सरळ असून थोडा फरक राहिला तर हबच्या मागे पातळ शिम (चकती) घालून तो काढता येतो. पैसे घालायचेच असतील तर कमी उंचीला जुळणाऱ्या चांगल्या शॉक अब्झॉर्बरमध्ये घाला, आणि पुढचा टो आठवडाभरात तपासून घ्या.