'बडा घर पोकळ वासा' : वासा म्हणजे काय?

बाहेरून प्रबळ दिसणाऱ्या पण प्रत्यक्षात काहीच करू न शकणाऱ्या अधिकाऱ्याला 'बडा घर पोकळ वासा' म्हणता येईल का, आणि 'घर' नपुंसकलिंगी असताना 'बडा' कसे, असे येथील दांडिया बाजारातील एका वाचकांनी विचारले आहे.

आधी एका चुकीविषयी बोलणे भाग आहे. आपल्या वडोदऱ्यातील समारंभांत ही म्हण 'बडा घर पोकळ वारसा' अशी म्हटलेली मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ती कानांना सोसवत नाही. शब्द 'वासा' आहे; आढ्यापासून भिंतीपर्यंत उतरणारे आणि कौलांचा भार पेलणारे ते लाकूड. 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे' यातला वासाही हाच.

हा शब्द संस्कृत 'वंश' म्हणजे वेळू यापासून आला. 'कांस्य'चे जसे 'कांसे' आणि पुढे 'कासे' झाले, तसेच 'वंश'चे 'वांसा' झाले. जुन्या छापील पुस्तकांत तो अनुस्वार दिसतो आणि १९६२ च्या लेखननियमांनी तो गेला. वेळूला आपण वेळू किंवा कळक म्हणू लागलो आणि 'वासा' छपरावर जाऊन बसला. गुजरातीने मात्र मूळ अर्थ जपला, म्हणून आपल्या शेजारची गुजराती मंडळी वेळूला आजही 'वांस' आणि पाठीला 'वांसो' म्हणतात, आणि त्या 'वांसो'त आपल्याला आपला 'पृष्ठवंश' भेटतो.

काही म्हणसंग्राहक 'पोकळ वासा' म्हणजे वाळवीने खाल्लेला वासा असे सांगतात. हे मला मुळीच मान्य नाही. वाळवीने खाल्लेल्या लाकडाला मराठी माणूस 'पोखरलेले' म्हणतो, 'पोकळ' म्हणत नाही. पोकळपणा हा वेळूचा जन्मजात गुण आहे. वाड्याला शोभावा चौकोनी तासलेला सागवानी वासा. घर बडे आणि छपराला मात्र वेळू, हे म्हणीतले मूळ चित्र असावे. माझे मत याहूनही एक पाऊल पुढे जाते. पेरामागून पेर वाढणाऱ्या वेळूवरूनच पिढ्यांच्या परंपरेला 'वंश' म्हटले गेले, आणि 'बडे घर' म्हणजे मोठे घराणे हा अर्थ तर आपण रोज वापरतो; तेव्हा घराण्याचा डामडौल मोठा आणि वंश मात्र पोकळ, असा दुहेरी अर्थ ही म्हण रचणाऱ्याच्या मनात होता, असे मी मानतो. संस्थानी शहरात वाढलेल्या माणसाला हा अर्थ लागायला वेळ लागू नये.

'बडा'चे उत्तर सोपे आहे. हिंदीत 'घर' पुल्लिंगी आहे आणि म्हणीचा पहिला अर्धा भाग तिकडच्या वळणाचा आहे. 'बडे घर' आणि 'मोठे घर' हे पाठही प्रचलित आहेत, पण 'बडा'ला अशुद्ध ठरवून खोडण्याचे कारण नाही.

राहिला तो अधिकारी. त्याची कचेरी, गाडी आणि लवाजमा मोठा असून सहीचा अधिकार दुसऱ्याकडे असेल, तर ही म्हण त्याला तंतोतंत लागू पडते. तो नुसता भीती दाखवत असेल, तर त्याला 'बुजगावणे' म्हणावे. माओने १९४६ मध्ये एका मुलाखतीत वापरून जगभर पोचवलेला चिनी 'कागदी वाघ' त्यासाठी आणण्याची गरज नाही.