बी ठेवून ठेवून मरतं ते जीन्समुळे की साठवणीमुळे? दोन-तीन वर्षं टिकवायचं तर काय करावं?

बहुतेक वेळा साठवणीमुळे. जीन्सवर ढकललं की कुणालाच जबाब द्यावा लागत नाही, म्हणून लोक ढकलतात. मी बियाणं तपासणीच्या लॅबमध्ये अकरा वर्षं काढलीत आणि नेमकं ह्यावरूनच आमच्या साहेबांशी माझं चांगलंच वाजलं होतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सोयाबीनचा एक लॉट होता. सात महिने गोदामात राहून परत तपासणीला आला. आठव्या दिवशीच्या शेवटच्या मोजणीत उगवण ८१ टक्के, म्हणजे कागदावर पास. पण पाचव्या दिवशी, पहिल्या मोजणीला, बी उगवायला ठेवलेली पेपर टॉवेलची गुंडाळी मीच उलगडली होती ना, निम्मी रोपं मागे पडलेली, मुळांची टोकं तपकिरी, काहींना नुसता मोड येऊन थांबलेला. मग मी ५० दाणे २५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये २० अंशाला २४ तास ठेवले. पाणी पिवळसर झालं आणि कंडक्टिव्हिटीचा (पाण्यातून वीज किती वाहते त्याचा) आकडा आधीच्या तपासणीच्या दुप्पट आला, म्हणजे पेशींची आवरणं फाटून आतले क्षार बाहेर गळत होते. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, व्हरायटीच नाजूक आहे, ८१ आहेत ना, पास लिही. लिहिलं. पेरणीपर्यंत लॉट अजून अडीच महिने तिथेच पडून राहिला आणि शेतात निम्मासुद्धा उगवला नाही.

उगवण टक्का हा सगळ्यात शेवटी पडणारा आकडा आहे हे त्यांना पटलंच नाही कधी. बी कोरडं असताना आतला पेशीरस काचेसारखा घट्ट असतो, एन्झाइम्स जवळपास बंद, पण ऑक्सिजन काही थांबत नाही. आवरणातली तेलं हळूहळू खवट होतात, साखर प्रोटीनला चिकटून प्रोटीन निकामी होतं, डीएनएला तुटी पडतात. दुरुस्ती मात्र तेव्हा होत नाही, ती बी पाणी पितं तेव्हाच सुरू होते. आधी डीएनए जोडायचा, मग मोड काढायचा. म्हाताऱ्या बियाला मोड उशिरा येतो तो ह्या दुरुस्तीत गेलेला वेळ असतो, आणि दुरुस्ती आवाक्याबाहेर गेली की बऱ्याच दिवस सपाट असलेला उगवणीचा आलेख एकदम कोसळतो.

आणि व्हरायटीचं म्हणाल तर त्याच शेतातलं, त्याच दिवशी काढलेलं बी माझ्याकडे हवाबंद पाऊचमध्ये होतं, ओलावा ८ टक्के. गोदामातल्याचा १३. माझं बी त्याच सुमारास ९० च्या वर उगवलं. जीन्स तेच होते की!

जीन्सचा वाटा नाही असं नाही. व्हिटॅमिन ई बनवू न शकणाऱ्या अरॅबिडॉप्सिसचं (प्रयोगशाळेत अभ्यासाला वापरतात ते छोटं झाड) बी लवकर मरतं हे २००४ मध्येच दाखवलंय, कारण तेलं खवट होण्याला तेच अडवतं. रॅफिनोजसारख्या साखरा, बी सुकताना बनणारी आणि पेशींना सांभाळणारी एलईए प्रोटीन्स, टरफलाची जाडी, दुरुस्तीची एन्झाइम्स, हे सगळं जीन्सवरच ठरतं. कमळाचं सुमारे १३०० वर्षं जुनं बी उगवलंय, सोयाबीन किंवा कांद्याला ते कुठलं जमायला. पण जीन्स फक्त कमाल मर्यादा ठरवतात, त्यातली किती वर्षं वाया घालवायची ते गोदाम ठरवतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी सुकवा, मग हवाबंद करा, मग थंड ठेवा, ह्याच क्रमाने. ओलावा १ टक्का कमी झाला की आयुष्य साधारण दुप्पट, तापमान ५ अंश कमी झालं की परत दुप्पट, हा बियाणं-शास्त्रज्ञ हॅरिंग्टनचा ढोबळ नियम. सिलिका जेल घाला. ओलं बी फ्रीजरमध्ये टाकलंत तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फुटतील. फ्रीजमधून काढलेला डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर बियांवर दव धरतं. विकतचं घेणार असाल तर नुसत्या उगवण टक्क्यावर जाऊ नका, पहिल्या मोजणीचा आकडा मागा, देत नसतील तर घेऊच नका.

हो, एक राहिलं, हे आधीच सांगायला हवं होतं. ओलावा ५ टक्क्यांच्या खाली जाईल इतकं सुकवून दुप्पटीचा हिशोब चालत नाही. आणि आंबा, फणस, कोको ह्यांना तर ह्यातलं काहीच लागू नाही, ती बियाणं सुकवलीत की मेलीच, ताजी असतानाच लावा.