पोरीच्या लॅपटॉपवर आकाशगंगा चालेल का?

प्रश्न : सर नमस्कार. माही पोरगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाले आहे, फिजिक्स घेऊन. ती म्हणते शास्त्रज्ञ लोक कॉम्प्युटरमधी आकाशगंगा एकमेकीवर आदळवतात आन् ते सॉफ्टवेअर फुकट भेटते, डेटाही भेटते. मले पटत नाही, इतक्या मेहनतीचं कोणी फुकट काऊन देईन? आमच्याजोळ एक जुना लॅपटॉप आहे, लाईन कधी जाईन त्याचा नेम नाही. पोरीले कोणी फसवत तर नसन?
— एक कापूस उत्पादक, ता. दारव्हा

उत्तर : भाऊ, पोरगी खरं बोलते, आणि यासाठी कोणी पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका. गॅजेट-२ नावाचा कोड, म्हणजे ती सांगते तसलं सॉफ्टवेअर आहे, जर्मनीतल्या फोल्कर श्प्रिंगेल यांनी लिहिलेला, २००५ पासून तो सगळ्यांसाठी खुला आहे. त्याच कोडच्या एका खास आवृत्तीवर मिलेनियम सिम्युलेशन झालं, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये विश्व चालवून बघितलं, सगळा पदार्थ १ हजार कोटींहून जास्त कणांमध्ये वाटून, ५१२ प्रोसेसर जवळपास महिनाभर चालत होते. तुमच्या लॅपटॉपवर ते होणार नाही, पण कोडसोबतच दोन आकाशगंगांच्या टकरीचं एक उदाहरण येतं, त्यात फक्त ६० हजार कण आहेत, २० हजार तबकडीचे आणि ४० हजार भोवतालच्या अदृश्य पदार्थाचे, ते जुन्या मशीनवरही चालतं, फक्त विंडोजऐवजी चालणारी उबुंटू ही फुकट सिस्टीम टाकून घ्या.

आता फुकट काऊन देतात ते. तुमच्या शेजाऱ्याला एकरी जास्त कापूस झाला, पण वाण कोणतं, टोबणी किती अंतरावर, खत कधी दिलं हे त्याने सांगितलंच नाही तर तुम्ही काय करणार? इथंही तसंच आहे, दुसऱ्याला तेच परत करून बघता आलं पाहिजे. दोन कण फार जवळ आले की गुरुत्वाकर्षण बेफाम वाढतं म्हणून ठरावीक अंतराच्या आत ते मुद्दाम मऊ करतात, त्या अंतराला सॉफ्टनिंग म्हणतात, आणि तो एक आकडा बदलला तरी आकाशगंगेचा मधला भाग वेगळा दिसू शकतो. म्हणून कोड तर द्यायचाच, पण असे सगळे आकडे जिच्यात लिहिलेले असतात ती पॅरामीटर फाईलही द्यायची. मी शिकत असताना एका सीनियरने चालवलेल्या सिम्युलेशनवर, आम्ही त्याला रन म्हणतो, काम करत होतो, रिझल्ट होता पण पॅरामीटर फाईल कोणी जपलीच नव्हती, माझे दोन महिने आकडे बदलून बघण्यातच गेले आणि ते चित्र परत काही आलं नाही. तेव्हापासून फाईल न देणाऱ्या शोधनिबंधावर, म्हणजे पेपरवर, माझा विश्वास बसत नाही.

सगळेच देतात असं मात्र नाही. नवा कोड पुष्कळदा तो लिहिणाऱ्या संशोधकांच्या ग्रुपमध्येच राहतो, कारण एखाद्या पोराची पीएचडी त्यावर उभी असते, आणि ते मला चूक वाटत नाही, पण पेपर छापून झाल्यावरही दडवून ठेवणं चूकच आहे. दुर्बिणींच्या डेटाचंही असंच, आधी काही काळ राखून मग खुला करतात; आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या अवकाश दुर्बिणीचाही पहिल्या वर्षाचा डेटा इस्रोने २०१८ मध्ये सगळ्यांना खुला केला.

डेटाचं म्हणाल तर इलस्ट्रिस-टीएनजी या आकाशगंगांच्या मोठ्या सिम्युलेशनचा डेटा १ पेटाबाइटच्या, म्हणजे १० लाख जीबीच्या वर आहे, तो गावच्या नेटवर उतरवायचा विचारच करू नका. साध्या ईमेलवर खातं उघडायचं आणि एकच आकाशगंगा कापून मागायची, किंवा ब्राउझरमधूनच त्यांच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालवायचा.

आणि लाईनचं. गॅजेट मधून मधून रीस्टार्ट फाईल लिहितो, म्हणजे तिथवरचं काम जपून ठेवतो. पॅरामीटर फाईलमध्ये सीपीयूटाइमबेटरीस्टार्टफाईल अशी एक ओळ असते, तिथं सेकंद लिहायचे असतात, पोरीला म्हणा तिथं ६०० कर, म्हणजे लाईन गेली तरी जास्तीत जास्त दहाएक मिनिटांचं काम जाईल. लाईन आली की तीच कमांड द्यायची, फक्त शेवटी १ लावायचा, रन सुटला तिथून पुढं चालतो.

कुठं अडली तर तिलाच लिहू द्या, आणि पत्रासोबत पॅरामीटर फाईल जोडायला सांगा, ती बघितल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही.